वीज वाचवणारी उपकरणे: जादा किंमत वसूल होते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातील फ्रिज जवळपास पंधरा वर्षांचा आहे, पण चालू आहे. एसी आणि गीझर नव्याने घ्यायचे आहेत, पंखे जुन्या पद्धतीचे आहेत, आणि दुकानात प्रत्येक वेळी जास्त ताऱ्यांचे (म्हणजे वीज बचतीच्या लेबलावर जास्त स्टार असलेले), जास्त किमतीचे मॉडेल पुढे केले जाते. ही जादा किंमत खरोखर वसूल होते का, आणि व्यवस्थित चालणारे उपकरण केवळ विजेच्या बचतीसाठी बदलावे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. घरगुती वीजवापर मोजणे आणि त्याचा हिशेब मांडून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्यातून बनलेले मत आधीच सांगतो: उपकरण किती कार्यक्षम आहे यापेक्षा ते आपल्या घरी वर्षाला किती तास चालणार आहे, यावर हा निर्णय जास्त अवलंबून असतो. एकच मॉडेल एका घरात दीड वर्षात आपली जादा किंमत फेडते आणि दुसऱ्या घरात ती कधीच फेडत नाही.

हिशेब पैशांऐवजी युनिटांत मांडावा, असा माझा आग्रह असतो. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच हजार वॉटचे उपकरण एक तास चालल्यावर होणारा वापर. दोन मॉडेलांच्या किमतींतील फरक घ्यावा आणि त्याला आपल्या बिलातील एका युनिटच्या दराने भागावे. जे उत्तर येईल तितकी युनिटे वाचली की जादा किंमत वसूल झाली. समजा, हे उत्तर ६०० युनिटे आले. महाग मॉडेल वर्षाला १५० युनिटे वाचवणार असेल तर चार वर्षे लागतील. ३० वाचवणार असेल तर वीस वर्षे लागतील, आणि वीस वर्षे बहुतेक उपकरणे टिकत नाहीत. या पद्धतीत किंमत आणि बचत एकाच मापात येतात. शिवाय जाहिरातीत सांगितलेल्या वार्षिक बचतीमागे कोणता दर आणि किती तास गृहीत धरले आहेत, हेही त्यातून तपासले जाते.

दर कोणता धरायचा, इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारा सरासरी दर धरू नये, कारण बिलातील स्थिर आकार वीज वाचवल्याने कमी होत नाही. जिथे वापर वाढेल तसा दर वाढवणारी टप्प्यांची पद्धत आहे, तिथे वाचलेले प्रत्येक युनिट सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते. त्यामुळे खरी बचत सरासरी दराने काढलेल्या बचतीपेक्षा बरीच जास्त असू शकते. वापर कमी असलेल्या घरात याच्या उलट घडते. ते घर स्वस्त टप्प्यातच असते, आणि तेच उपकरण तिथे दुप्पट वेळ घेऊन वसूल होते. छतावर सौर पॅनेल असतील तर दिवसा वाचलेल्या युनिटाची किंमत तेवढीच धरावी, जेवढा मोबदला किंवा वजावट ते ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, दिल्यावर मिळते.

आता पंख्याचे उदाहरण घेऊ, कारण तासांचे महत्त्व त्यातून सर्वांत लख्ख दिसते. जुन्या पद्धतीच्या इंडक्शन मोटरचा छताचा पंखा पूर्ण वेगावर साधारण ७५ वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कायम चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला पंखा जवळपास तेवढ्याच हवेसाठी ३० वॉटच्या आसपास घेतो. फरक ४५ वॉटचा. ज्या खोलीत पंखा रोज बारा तास, वर्षभर चालतो तिथे ४,३८० तास होतात आणि सुमारे २०० युनिटे वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतील पंखा वर्षाला शंभर तास चालत असेल तर साडेचार युनिटे वाचतात. किमतीतील फरक ३०० युनिटांइतका धरला, तर पहिल्या खोलीत तो दीड वर्षात वसूल होतो आणि दुसऱ्या खोलीत त्याला सहासष्ट वर्षे लागतील. पंखा तोच, किंमत तीच, कार्यक्षमताही तीच. म्हणूनच घरातील सगळे पंखे एकदम बदलून घेणाऱ्यांना मी थांबवतो आणि झोपण्याची व बसण्याची खोली आधी करा, असे सांगतो. बाकीचे पंखे बिघडतील तेव्हा बदलता येतात.

फ्रिजकडे वळण्याआधी एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. "उपकरण घ्यायचेच आहे, त्यातले कोणते घ्यावे" आणि "चालू उपकरण काढून नवे घ्यावे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे हिशेबही वेगळे आहेत. पहिल्या प्रश्नात बचतीला फक्त दोन मॉडेलांच्या किमतींमधील फरक फेडायचा असतो. दुसऱ्या प्रश्नात तिला नव्या उपकरणाची जवळजवळ संपूर्ण किंमत फेडावी लागते. जुन्याचे जे काही येतील तेवढेच वजा करता येतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा "होय" येते, तर दुसऱ्याचे बहुधा "आत्ता नको". आपल्या एसी आणि गीझरचा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे, फ्रिजचा दुसऱ्या. हे दोन्ही प्रश्न एकत्र कालवले की विक्रेत्याला बोलायला भरपूर जागा मिळते.

फ्रिज हे घरातील असे उपकरण आहे जे कोणी बंद करत नाही. त्यामुळे तिथे लहान फरकही वर्षभरात जमा होतो, आणि तंत्रज्ञानातील सुधारणाही तिथे मोठी झाली आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यावर विकला जाणारा नवा फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिटे घेत असे. २००१ मध्ये लागू झालेल्या तिथल्या मानकांनुसार हा आकडा ५०० च्या आसपास आला, आणि दरम्यान फ्रिजचा आकार मात्र वाढला होता. चांगले इन्सुलेशन, चांगले कॉम्प्रेसर आणि सक्तीची मानके या तिन्ही गोष्टी त्यामागे होत्या. आज मध्यम आकाराचा चांगला फ्रिज वर्षाला साधारण १५० ते ३०० युनिटांत भागवतो. परंतु यावरून आपला पंधरा वर्षांचा फ्रिज किती घेतो हे कळत नाही. वय पाहून अंदाज बांधण्यापेक्षा तो मोजावा.

मोजण्यासाठी प्लगमध्ये लावायचे छोटे वीजमापक मिळते. ते फ्रिज आणि सॉकेट यांच्यामध्ये लावून किमान दोन दिवस ठेवावे, कारण कॉम्प्रेसर थांबून-थांबून चालतो आणि एका तासाच्या नोंदीला काही अर्थ नसतो. मापक नसेल तर घरातील मुख्य इलेक्ट्रॉनिक मीटर पुरतो. त्याच्यावर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटमागे किती लुकलुकी होतात ते छापलेले असते, उदाहरणार्थ १,००० किंवा ३,२००. हजार लिहिले असेल तर प्रत्येक लुकलुकीमागे एक वॉट-तास खर्च होतो. घरातील बाकी सर्व बंद करून, वायफायचा राउटर आणि टीव्हीचा बॉक्ससुद्धा काढून, घड्याळ लावून बसावे. दोन लुकलुकींमध्ये ३६ सेकंद गेले तर त्या क्षणी १०० वॉट चालू आहेत. १८ सेकंद गेले तर २०० वॉट. ३,६०० ला सेकंदांनी भागायचे, एवढेच सूत्र आहे. ३,२०० चा मीटर असेल तर येणाऱ्या उत्तराला ३.२ ने भागावे. कॉम्प्रेसर किती मिनिटे चालतो आणि किती मिनिटे थांबतो हे दोन-तीन फेऱ्यांसाठी लिहून घेतले, की दिवसाचा वापर पुरेशा अचूकतेने काढता येतो.

या मोजणीत कधीकधी असे दिसते की कॉम्प्रेसर थांबतच नाही. अशा वेळी नवा फ्रिज घेण्याआधी दाराचे रबर तपासावे. कागदाचा एक कपटा दारात अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून दार लावावे आणि कपटा ओढून पाहावा. तो जिथे विनासायास निघून येतो, तिथून थंडावा बाहेर आणि दमट हवा आत जात असते. बहुतेक वेळा ही जागा बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा असते, कारण तिथे रबर घट्ट होऊन आक्रसते. मागची जाळी धुळीने माखलेली असेल किंवा फ्रिज भिंतीला टेकवलेला असेल, तर उष्णता बाहेर टाकायला जागाच राहत नाही. रबर बदलणे, जाळी साफ करणे आणि फ्रिज भिंतीपासून चार बोटे पुढे घेणे या कामांना नव्या फ्रिजच्या किमतीचा अगदी लहान हिस्सा लागतो, आणि खर्चाच्या तुलनेत मिळणारी बचत पाहिली तर हीच घरातील सर्वांत फायदेशीर गुंतवणूक ठरते. ती कोणी विकत नाही, म्हणून तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

आता हिशेब. समजा, दुरुस्तीनंतर आपला फ्रिज दिवसाला १.६ युनिटे घेतो, म्हणजे वर्षाला सुमारे ५८० युनिटे. नवा फ्रिज प्रत्यक्ष वापरात २५० घेईल असे धरले तर ३३० युनिटे वाचतील. नव्या फ्रिजची किंमत ४,००० युनिटांइतकी असेल तर ती वसूल व्हायला बारा वर्षे लागतील. अशा स्थितीत चालू फ्रिज काढण्याचे कारण नाही. मोजणीत दिवसाला ३ युनिटे आली, तर वार्षिक बचत सुमारे ८४५ होते आणि तोच फ्रिज पाच वर्षांच्या आत स्वतःला फेडतो. मग थांबणेच महाग पडते. नवा घेतल्यावर जुना मात्र घरातून गेला पाहिजे. तो बाहेरच्या खोलीत "गरज पडली तर" म्हणून चालू राहिला, तर बचत नाहीशी होऊन वापर उलट वाढतो. मी पाहिलेल्या घरांमध्ये बिल न उतरण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे.

एसीच्या बाबतीत ताऱ्यांमागील आकडा पाहणे आवश्यक आहे. हंगामी कार्यक्षमतेचा हा आकडा सांगतो की एक युनिट वीज खर्चून खोलीतून किती युनिटांइतकी उष्णता बाहेर काढली जाते. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने तासाला सुमारे ५.३ युनिटांइतकी उष्णता उपसतो. सरासरी निम्मा भार धरला आणि वर्षाला १,००० तास वापर धरला, तर ३.५ कार्यक्षमतेच्या एसीला सुमारे ७५० युनिटे लागतात आणि ५ कार्यक्षमतेच्या एसीला सुमारे ५३०. बचत झाली २२० च्या आसपास. हाच एसी फक्त कडक उन्हाळ्यात ३०० तास चालणार असेल तर बचत ६५ ते ७० युनिटांवर येते, आणि २,००० तास चालणार असेल तर ती साडेचारशेच्या घरात जाते. म्हणून आधी तास मोजावेत. गेल्या वर्षीची बिले शेजारी-शेजारी ठेवून गरम महिन्यांतील वापरातून थंड महिन्यांतील वापर वजा केला, की थंडाव्यासाठी किती युनिटे गेली ते ढोबळ दिसते. घरात आजवर एसी नसेल तर हा मार्ग उपलब्ध नाही. तेव्हा प्रामाणिकपणे रात्रीचे तास आणि महिने गुणावेत.

याच आकड्याविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, जी दुकानात क्वचितच समजावली जाते. कार्यक्षमता ३ वरून ४ झाली तर प्रत्येक १,००० युनिटे उष्णतेमागे ८३ युनिटे वीज वाचते. ४ वरून ५ झाली तर ५० वाचते. ५ वरून ६ झाली तर केवळ ३३. पायरी तेवढ्याच उंचीची दिसते, पण तिच्यातून मिळणारी बचत प्रत्येक वेळी घटत जाते, आणि किंमत मात्र वरच्या पायऱ्यांवर सहसा अधिक झपाट्याने चढते. त्यामुळे सर्वांत कमी कार्यक्षमतेचे मॉडेल टाळणे हा निर्णय जवळजवळ नेहमीच बरोबर असतो, तर सर्वांत वरचे मॉडेल घेणे हा निर्णय भरपूर तास वापर असेल तरच बरोबर ठरतो. मध्यम वापराच्या घरासाठी मी बहुतेक वेळा वरून दुसरे मॉडेल सुचवतो.

इन्व्हर्टर एसीचा लाभ कॉम्प्रेसर मंद गतीने सलग चालण्यात आहे. खोली गार झाल्यावर तो वेग कमी करतो आणि कमी वेगाला त्याची कार्यक्षमता वाढते. जो माणूस वीस मिनिटे एसी लावून बंद करतो, किंवा मोठ्या खोलीत अपुऱ्या क्षमतेचा एसी लावून तो सतत पूर्ण ताकदीने पळवतो, त्याला हा लाभ फारसा मिळत नाही. खिडकीवर ऊन येते का, छत तापते का, दाराखालून हवा जाते का, हे आधी पाहावे. बाहेरून ऊन अडवल्याने जो भार कमी होतो, तो कोणत्याही ताऱ्यापेक्षा खात्रीचा असतो.

गीझरच्या हिशेबात भौतिकशास्त्राचा एक नियम निर्णायक ठरतो. विजेच्या तारेने पाणी तापवताना जवळजवळ सगळी वीज उष्णतेत बदलते. तिथे सुधारायला काही उरलेलेच नाही. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिटे लागतात, मग गीझर कोणताही असो. हाच नियम इस्त्री, किटली आणि तारेच्या रूम हीटरलाही लागू आहे, आणि यापैकी कशावरही "कमी विजेत तेवढीच उष्णता" असे लिहिलेले दिसले तर त्यावर विश्वास ठेवू नये. साठवणीच्या गीझरमध्ये फरक पडतो तो टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेचा, आणि भारतात अशा गीझरवर असलेले तारे ही गळतीच मोजतात. टाकी दिवसभर चालू ठेवण्याची सवय असेल तर चांगल्या इन्सुलेशनची टाकी जरूर घ्यावी. आंघोळीआधी अर्धा तास चालू करून नंतर बंद करत असाल, तर ताऱ्यांतील फरक हिशेबात जवळजवळ दिसणारच नाही.

पाणी तापवण्यात खरी झेप घ्यायची असेल तर पद्धत बदलावी लागते. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता देतो. रोज १०० लिटर गरम पाणी वापरणाऱ्या घरात वर्षाला सुमारे १,२७० युनिटे लागतात. हीट पंपावर ती ४२५ च्या आसपास येतील. बचत मोठी आहे, पण किंमतही मोठी आहे, शिवाय त्याला जागा आणि हवा लागते. चार-पाच माणसांच्या, रोज गरम पाणी वापरणाऱ्या घरात हा हिशेब सहसा जुळतो. एकट्या माणसासाठी तो जुळत नाही; त्याने शॉवरचा प्रवाह कमी करणारी जाळी बसवावी, कारण न तापवलेल्या पाण्याला वीज लागत नाही.

बाकीच्या उपकरणांबद्दल थोडक्यात. साठ वॉटच्या जुन्या बल्बइतका प्रकाश आता आठ-नऊ वॉटच्या एलईडीतून मिळतो, म्हणून रोज काही तास लागणारा जुना बल्ब जळण्याची वाट न पाहता आजच काढावा. वॉशिंग मशीन गरम पाण्यात धूत असेल तर बहुतांश वीज पाणी तापवण्यात जाते. मोटरचा वाटा लहान असतो. थंड पाण्यात धुणारे साधे मशीन हे ६० अंशांवर धुणाऱ्या उच्च मानांकित मशीनपेक्षा कमी वीज घेते, तेव्हा थंड पाण्यात धुणाऱ्यांनी केवळ वीज वाचवण्यासाठी मशीन बदलू नये. टीव्हीत ताऱ्यांपेक्षा पडद्याचा आकार आणि उजळपणा अधिक मोजावा. मायक्रोवेव्ह आणि मिक्सर यांचे तासच इतके कमी असतात की त्यांच्या कार्यक्षमतेची चिंता करण्याचे कारण नाही. उलट, जे उपकरण कोणी "वापरत" नाही पण जे सतत जोडलेले असते, त्याकडे लक्ष द्यावे. सलग चालू असलेला एक वॉट वर्षाला पावणेनऊ युनिटे खातो. दहा-बारा वॉट सतत घेणारा टीव्हीचा बॉक्स वर्षाला शंभर युनिटांच्या आसपास जातो, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीतील वीस पंखे बदलून वाचेल तेवढी वीज एक बटण बंद केल्याने वाचते. युरोपीय संघाने २०१३ पासून स्टँडबाय स्थितीतील बहुतेक उपकरणांना अर्ध्या वॉटची मर्यादा घातली, ती या कारणासाठीच.

लेबल वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तारे किंवा अक्षरे ही त्या-त्या गटातील आणि आकारातील तुलना असते. मोठा, पाच ताऱ्यांचा फ्रिज हा लहान, तीन ताऱ्यांच्या फ्रिजपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो, आणि बिल ताऱ्यांवर येत नाही. म्हणून लेबलावरील वार्षिक युनिटांचा आकडा आधी पाहावा. तो कशाचा आहे हेही पाहावे: युरोपीय लेबलावर फ्रिजसाठी वर्षाचा, वॉशिंग मशीनसाठी शंभर धुण्यांचा आणि टीव्हीसाठी हजार तासांचा वापर दिलेला असतो. मापदंड वेळोवेळी कडक केले जातात, त्यामुळे लेबल कोणत्या वर्षाचे आहे याला महत्त्व आहे. युरोपमध्ये १ मार्च २०२१ पासून या तिन्ही उपकरणांसाठी 'ए' पुढील अधिकची चिन्हे काढून 'ए' ते 'जी' अशी श्रेणी नव्याने लावली गेली, तेव्हा आदल्या दिवशीपर्यंत वरच्या श्रेणीत असलेली कितीतरी मॉडेले मधल्या किंवा खालच्या अक्षरांवर आली. मॉडेलांत तिळमात्र बदल झाला नव्हता. त्याचप्रमाणे लेबलावरील आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीचा असतो. ज्या फ्रिजचे दार दिवसभर उघडले जाते आणि जो तापलेल्या स्वयंपाकघरात उभा असतो, तो त्याहून जास्त घेणार. दोन मॉडेलांची तुलना करायला लेबल चांगले. स्वतःचे बिल सांगायला ते पुरेसे नाही.

किती वर्षांत वसूल व्हावे म्हणजे "परवडले" म्हणायचे, हा यापुढील प्रश्न. अर्थशास्त्रज्ञ जेरी हाउसमन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील एसी खरेदीचा अभ्यास केला, तेव्हा ग्राहक पुढील बचतीकडे वर्षाला सुमारे २० टक्के परतावा मागणाऱ्या गुंतवणूकदारासारखे पाहतात असे त्यांना दिसले, आणि उत्पन्न जितके कमी तितकी ही मागणी अधिक. हातात पैसा नसलेल्या माणसाला आजचा खर्च जास्त टोचतो, यात त्याचे काही चुकत नाही. तरीही तुलना करून पाहावी. पंधरा वर्षे टिकणाऱ्या उपकरणाची जादा किंमत पाच वर्षांत वसूल होत असेल, तर त्या रकमेवर वर्षाला सुमारे १८ टक्के परतावा मिळतो, आणि वाचलेल्या बिलावर सहसा करही लागत नाही. दहा वर्षांत वसूल होत असेल, तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरतो. उपकरणच दहा वर्षे टिकणार असेल, तर तो शून्य. माझ्या मते पाच वर्षांच्या आत वसूल होणारी जादा किंमत निर्धास्तपणे द्यावी, मात्र त्यासाठी महागड्या दराचे कर्ज काढू नये. आठ वर्षांच्या पुढे जाणारी जादा किंमत द्यायची असेल तर कमी आवाज, चांगला गारवा किंवा प्रदूषण कमी करण्याची इच्छा अशा अन्य कारणांसाठी द्यावी. ती कारणेही खरी आहेत. फक्त त्यांना बिलातील बचत म्हणू नये.

या हिशेबात दुरुस्तीचा खर्च धरायला लोक विसरतात. कार्यक्षम उपकरणांची बरीचशी करामत त्यांच्या इलेक्ट्रॉनिक पट्टीत, म्हणजे सर्किट बोर्डात असते. व्होल्टेज सतत वरखाली होणाऱ्या ठिकाणी तो जळतो, आणि एक बोर्ड दोन-तीन वर्षांची बचत गिळतो. म्हणून जादा किंमत देताना बोर्डावरील हमी किती वर्षांची आहे, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळपास आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. हमी जर वसुलीच्या काळापेक्षा लहान असेल, तर मी एक संभाव्य दुरुस्ती खर्चात धरूनच हिशेब करतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी वसुलीच्या काळाची तुलना आपल्या राहण्याच्या काळाशी करावी. पंखा आणि दिवे काढून नेता येतात. भिंतीत बसवलेला हीट पंप नेता येत नाही. बिल भाडेकरू भरतो आणि उपकरण मालक निवडतो, अशा घरात सर्वांत स्वस्त मॉडेल बसवले जाते यात नवल नाही, म्हणून करार करतानाच याविषयी बोलावे. त्याचप्रमाणे, सॉकेटमध्ये लावताच बिल कमी करण्याचे आश्वासन देणारे छोटे डबे मिळतात, ते घेऊ नयेत. आत बहुधा एक कपॅसिटर असतो. तो पॉवर फॅक्टर, म्हणजे उपकरणाने ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, थोडा बदलेलही, पण जिथे घरगुती मीटर किलोवॅट-तास मोजतो तिथे बिलात त्याने काहीही फरक पडत नाही.

कार्यक्षम उपकरण आल्यावर वापर वाढतो, हेही खरे आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबाबत हेच दाखवले होते: इंजिने कार्यक्षम झाली तसा कोळशाचा एकूण वापर वाढला. घरात हे प्रमाण सहसा बचत पूर्ण पुसून टाकण्याइतके नसते, पण "आता पाच तारे आहेत" म्हणून एसी दोन तास जास्त चालला तर वसुलीचा काळ लांबतो. त्या दोन तासांचा गारवा आपल्याला हवा असेल तर तो जरूर घ्यावा. हिशेब मांडताना मात्र नव्या तासांवर मांडावा.

आपल्यापुरता क्रम मी असा ठेवीन. या आठवड्यात फ्रिजच्या दाराचे रबर तपासावे, जाळी साफ करावी आणि दोन दिवसांचा वापर मोजावा. तो दिवसाला दोन युनिटांच्या आत असेल तर फ्रिज राहू द्यावा, आणि तो बंद पडेल तेव्हा त्याच आकाराचा, लेबलावर सर्वांत कमी वार्षिक युनिटे असलेला घ्यावा. अडीचच्या वर असेल तर बदलण्याचा हिशेब मांडायला घ्यावा. झोपण्याच्या आणि बसण्याच्या खोलीतील पंखे आत्ताच बदलण्यासारखे आहेत. एसी घेताना आधी वर्षाचे तास लिहून काढावेत. ते ५०० च्या खाली असतील तर मधले मॉडेल पुरेसे आहे, हजाराच्या वर असतील तर वरच्या मॉडेलांचा फरक युनिटांत काढून पाहावा. गीझरसाठी ताऱ्यांवर जादा पैसे घालण्याआधी घरात रोज किती बादल्या गरम पाणी लागते ते मोजावे, कारण हीट पंप घ्यावा की साधा गीझर, हे त्याच एका आकड्यावरून ठरेल.